पकडीची किंमत : हिवाळी टायरचा इतिहास



आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर वर्गात कांट आणि मिल शिकवणाऱ्या आमच्यासारख्या मास्तरांनी गाडीच्या टायरवर काय बोलायचं? आणि तेही हिवाळी टायरवर, जो पुण्यात-नागपुरात कुणाला लागत नाही! पण या मालिकेचे श्रोते आता पुण्या-नागपुरातच राहिलेले नाहीत. कुणी मॉन्ट्रियलला आहे, कुणी म्युनिकला, कुणी मिनेसोटात. ऑक्टोबर उजाडला की या मंडळींपुढे काही प्रश्न उभे राहतात. टायर कधी बदलायचे? कोणते घ्यायचे? चारही घ्यायचे की दोनांवर भागेल? खिळ्यांचे घ्यायचे की बिनखिळ्यांचे?

प्रश्न गॅरेजमधला आहे, हे खरं. पण त्याच्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. आपण रस्त्यावर जी पकड मिळवतो, ती फुकट मिळत नाही. तिची किंमत कुणीतरी मोजतं. ते कोण? चालक स्वतः, की कडेने पायी चाललेला दुसराच कुणी? आज आपण हा एकच धागा धरून बोलणार आहोत.

सुरुवातीला भाषेची एक अडचण दूर करू. मराठीत आपण सगळ्यालाच बर्फ म्हणतो. आकाशातून भुरभुरत पडतो तोही बर्फ आणि गोठलेल्या पाण्याचा कडक थर तोही बर्फच. आपल्याकडे दोन्ही पडत नाहीत, त्यामुळे एका शब्दावर भागतं. पण टायरच्या दृष्टीने हे दोन वेगळे पदार्थ आहेत. म्हणून आज आपण भुसभुशीत पडतं त्याला हिम म्हणू आणि गोठलेल्या काचेसारख्या थराला बर्फ म्हणू. हा भेद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रबराकडे येऊ. १८३०च्या दशकात अमेरिकेत रबराच्या वस्तूंची मोठी लाट आली होती. बूट, कोट, पाण्याच्या पिशव्या. कंपन्या निघाल्या आणि थोड्याच वर्षांत बुडाल्याही. कारण काय? उन्हाळ्यात माल वितळून चिकट व्हायचा आणि हिवाळ्यात लाकडासारखा ताठ व्हायचा. चार्ल्स गुडइयर नावाचा कर्जबाजारी माणूस या दुखण्याच्या मागे लागला आणि १८३९ साली त्याला वाट सापडली : रबरात गंधक मिसळून तापवायचं. यालाच आपण व्हल्कनीकरण म्हणतो. रबर बरंचसं स्थिर झालं. बरंचसं, पूर्णपणे नव्हे. थंडीत ताठ होण्याचा त्याचा स्वभाव कमी झाला, पण गेला नाही. आपण आज जी कथा सांगतो आहोत, ती त्या उरलेल्या स्वभावाची कथा आहे.

टायर रस्ता कसा धरतो? रस्ता डोळ्यांना सपाट दिसला तरी जवळून पाहिला तर खडबडीत असतो. मऊ रबर त्या उंचवट्यांवर दाबलं जातं, खाचखळग्यांत बसतं आणि चिकटून राहतं. रबर ताठ झालं की ते खाचांत उतरत नाही, वरच्या वर सरकतं. उन्हाळी टायरच्या रबराचं मिश्रण असं केलेलं असतं की तापलेल्या डांबरावर ते फार मऊ पडू नये. तेच मिश्रण थंडीत कडक होतं. युरोपात ७ अंश सेल्सिअसचा आकडा सगळीकडे ऐकू येतो : तापमान त्याच्या खाली राहू लागलं की हिवाळी टायर लावा. ७ अंशांवर काही जादू घडते असं नव्हे. तो एक व्यवहारी ठोकताळा आहे. पण त्यातला मुद्दा महत्त्वाचा आहे. हिवाळी टायर फक्त हिमासाठी नाही, तो थंडीसाठी आहे. रस्ता कोरडा असला तरी थंडी असते.

मग बर्फ इतका निसरडा का? १८५० साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने एका सार्वजनिक व्याख्यानात असं मांडलं की बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्याचा एक अतिशय पातळ थर असतो. तिथून पुढे शास्त्रज्ञ या थरावर वाद घालत आले आहेत. चालकाला कामाची गोष्ट एवढीच की बर्फ सर्वांत दगाबाज असतो तो शून्य अंशाच्या आसपास. उणे २५ अंशांवर तो तुलनेने बरा. कडाक्याच्या थंडीतून पारा वर चढू लागला की नवखा माणूस सुटकेचा श्वास सोडतो, जुना माणूस वेग कमी करतो.

आता पकड मिळवण्याचे उपाय क्रमाने पाहू.

पहिला उपाय साखळीचा. १९००च्या सुमारास अमेरिकेत गाड्या आल्या, पण रस्ते बैलगाडीच्या काळातलेच होते. चिखलात, हिमात चाक जागच्या जागी फिरायचं. लोक चाकाला दोरखंड गुंडाळायचे, रानातल्या वेली गुंडाळायचे. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड या माणसाने दोरखंडाच्या जागी साखळ्यांची जाळी केली आणि १९०४ साली तिचं पेटंट मिळवलं. आजही डोंगरी घाटांत हाच उपाय चालतो. साखळीचा गुण असा की तिची किंमत ताबडतोब आणि बरीचशी वापरणाऱ्यालाच मोजावी लागते. थंडीत गुडघ्यावर बसून ती चढवायची. मग ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर जाता येत नाही. गाडी दणके खाते, हाडं खिळखिळी होतात. मोकळा रस्ता लागला की पुन्हा उतरून ती काढायची. न काढावी तर तुटते आणि मडगार्ड फोडते. म्हणजे साखळी गरजेपुरतीच वापरली जाते. तिची गैरसोयच तिच्यावर अंकुश ठेवते.

दुसरा उपाय नक्षीचा, आणि त्यासाठी आपल्याला फिनलंडला जावं लागेल. तिथे नोकिया नावाचं एक गाव आहे. हो, फोनचं नाव या गावावरूनच आलं. तिथल्या 'सुओमेन गुम्मितेहदास' या रबर कारखान्याने १९३४ साली मालट्रकसाठी एक टायर बाजारात आणला. नाव 'केलीरेंगास'. 'केली' म्हणजे हवामानामुळे झालेली रस्त्याची अवस्था, 'रेंगास' म्हणजे टायर. एका शब्दात रस्त्याची अवस्था सांगणारा शब्द त्या भाषेत आहे, यावरूनच त्या लोकांचा हिवाळा कळतो. खास हिवाळ्यासाठी बनवलेला जगातला पहिला टायर म्हणून त्याची नोंद होते. त्याची नक्षी आडवी आणि खोल होती. चाकाने हिमात दात रोवावेत, स्वतःची वाट खोदावी, अशी कल्पना. १९३६ साली कारसाठी त्याचा भाऊ आला, 'हाक्कापेलीत्ता'. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचं. स्वीडनच्या राजाच्या बाजूने ते तीस वर्षांच्या युद्धात लढले होते, आणि शत्रूवर तुटून पडतानाच्या त्यांच्या आरोळीवरून त्यांना हे नाव पडलं. टायरला शिपायाचं नाव! हिवाळ्याकडे तो समाज कसा पाहत होता, हे यात आलं.

खोल नक्षी हिमात उत्तम चालते. त्यामागचं कारण गमतीचं आहे. खोबणींमध्ये हिम दाबून भरतं, आणि हिमाला सर्वांत चांगलं धरतं ते हिमच. लहानपणी ज्यांनी ओल्या वाळूचे किल्ले केले असतील, त्यांना हे लगेच पटेल. वाळू वाळूला धरते. म्हणून हिवाळी टायरची खोबण हिमाने भरलेली दिसली तर घाबरायचं कारण नाही, ती आपलं काम करते आहे. पण बर्फावर हा डाव चालत नाही. बर्फात दात रुततच नाहीत. आणि नेमका बर्फच माणसं मारतो.

म्हणून तिसरा उपाय आला, खिळ्यांचा. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९६०च्या दशकात उत्तर युरोपात, मग उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये खिळ्यांचे टायर पसरले. रबरात बसवलेला बारीकसा धातूचा खिळा आणि त्याला टंगस्टन कार्बाइडचं टोक. हे टोक दगडालाही दाद देत नाही. बर्फावर ते रुततं, ओरखडा काढतं आणि गाडी थांबते. लोकांना तो वरदानासारखा वाटला आणि बर्फापुरता तो होताच. शिवाय साखळीसारखी कटकट नाही. ऑक्टोबरमध्ये बसवा, एप्रिलमध्ये काढा.

पण इथेच हिशेब बदलला. साखळी चालक गरजेपुरती लावत होता. खिळे सहा महिने लागलेलेच राहिले. आणि त्या सहा महिन्यांत रस्त्यावर बर्फ किती दिवस असतो? शहरात तर मीठ टाकतात, नांगर फिरवतात, रस्ता काळा करतात. उरलेले सगळे दिवस ते कठीण टोक नुसतं डांबर आणि खडी खरवडत राहतं. लाखो चाकं, प्रत्येक चाकात साधारण शंभर खिळे. रस्त्यांना चाकोऱ्या पडल्या, त्यांत पाणी साचू लागलं, पांढरे पट्टे पुसले गेले. मिनेसोटाने १९७१ साली खिळ्यांवर बंदी घातली. कॅनडातल्या ओंटारियोनेही त्याच सुमारास घातली. पश्चिम जर्मनीत १९७५ पासून ते बंद झाले. या सगळ्या ठिकाणी वाद मुख्यतः पैशाचा होता. रस्ते दुरुस्त करायचे कुणी, आणि कुणाच्या करातून?

जपानमध्ये मात्र वेगळाच मुद्दा पुढे आला. ईशान्य जपानमध्ये सेंदाई नावाचं मोठं शहर आहे. तिथे थंडी भरपूर, पण हिम तसं बेताचं. म्हणजे रस्ते बराच काळ उघडे, आणि गाड्यांना मात्र खिळ्यांचे टायर, कारण सकाळी कुठेतरी बर्फ असेल या धास्तीने प्रत्येकजण ते लावायचा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हिवाळ्याच्या शेवटी त्या शहरावर डांबराच्या आणि खडीच्या धुळीचे लोट उठू लागले. माणसं तोंडावर मास्क लावून फिरू लागली. लोकांनी त्या अवस्थेला 'सेंदाईचं वाळवंट' असं नाव दिलं. हिमाच्या प्रदेशात वाळवंट!

इथे आपला मूळ प्रश्न अगदी उघडा होतो. गाडीत बसलेल्याला सुरक्षितता मिळते आणि फुटपाथवरून शाळेत जाणाऱ्या मुलाच्या छातीत धूळ जाते. त्या मुलाला गाडी नाही, खिळ्यांचा काही फायदा नाही, त्याला कुणी विचारलेलंही नाही. आणि चालक दुष्ट आहे का? नाही. तो आपल्या घरच्यांना सुखरूप पोचवायला बघतो आहे. वाईट माणूस एकही नाही आणि वाईट गोष्ट तर रोज घडते आहे. नीतिशास्त्राच्या पुस्तकांत अशी उदाहरणं रचून घ्यावी लागतात. सेंदाईच्या रस्त्यावर ते आपोआप तयार झालं होतं.

मग काय झालं? सेंदाई ज्यात येतं त्या मियागी प्रांताने १९८५ साली खिळ्यांविरुद्ध स्थानिक नियम केला. नागानोतल्या वकिलांनी टायर कंपन्यांविरुद्ध सरकारी लवादाकडे धाव घेतली. १९८८ साली तडजोड झाली : सात जपानी कंपन्यांनी १९९० अखेर खिळ्यांच्या टायरचं उत्पादन थांबवायचं आणि पुढच्या मार्चअखेर विक्रीही. १९९० साली संसदेने कायदा केला, ज्याच्या नावातच 'धूळ' हा शब्द आहे. हिम किंवा बर्फ नसलेल्या पक्क्या रस्त्यावर, ठरवून दिलेल्या भागांत खिळे चालणार नाहीत. अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि अपंग चालकांच्या गाड्या यांना सूट. ही सूट आम्हाला फार बोलकी वाटते. ज्याची गाडी अडकली तर तो उतरून ढकलू शकत नाही, त्याच्यासाठी नियमाने जागा ठेवली.

गोष्ट इथे संपली असती तर ती बोधकथा झाली असती. पण इतिहास बोधकथा लिहायला बसलेला नसतो.

साप्पोरो हे त्याच देशातलं आणखी उत्तरेचं, भरपूर हिमाचं शहर. खिळे गेले, धूळ गेली, हवा स्वच्छ झाली. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत चौकाचौकांत रस्ते आरशासारखे गुळगुळीत होऊ लागले. जपानी लोक अशा रस्त्याला 'त्सुरुत्सुरु' म्हणतात, आपल्या 'गुळगुळीत'सारखाच नादवाचक शब्द. कारण असं, की खिळे बर्फाला ओरखडे काढत होते, त्यामुळे तो खडबडीत राहत होता. बिनखिळ्यांची चाकं ब्रेक लावताना आणि सुटताना दाबलेल्या हिमावर घासतात, वरचा थर किंचित वितळतो आणि पुन्हा गोठतो. दिवसभर हजारो गाड्या जणू पॉलिश करतात. गाड्या घसरू लागल्या, आणि रस्ता ओलांडणारे पादचारी पडून हातपाय मोडून घेऊ लागले. म्हणजे ज्या पादचाऱ्याला वाचवायला बंदी आणली, तोच पुन्हा किंमत मोजू लागला, फक्त वेगळ्या नाण्यात.

कांट सांगतो की आपण जे करतो ते सगळ्यांनी केलं तर चालेल का, हे आधी तपासावं. आता इथे तपासा. सगळ्यांनी खिळे लावले तर शहराचं वाळवंट होतं. कुणीच लावले नाहीत तर रस्त्याचा आरसा होतो. दोन्ही सार्वत्रिक नियम अडचणीत आणतात. स्वीडनमधल्या संशोधकांनीही हे दाखवलं आहे की थोड्या गाड्यांच्या खिळ्यांचा फायदा बिनखिळ्यांच्या गाड्यांनाही होतो, कारण रस्ता खरखरीत राहतो. मग योग्य प्रमाण किती? हे कुठल्याही तत्त्वज्ञाला खुर्चीत बसून सांगता येणार नाही. ते ठिकाण, हवामान आणि लोकांची तयारी पाहूनच ठरवावं लागतं.

आणि तसंच ते ठरत गेलं. साप्पोरोने चौकांत वाळूच्या पेट्या ठेवल्या. त्यात वाळूच्या पिशव्या असतात, कुणाही नागरिकाने उचलावी आणि निसरड्या जागी पसरावी. ही आम्हाला या इतिहासातली सर्वांत सुंदर वस्तू वाटते. तिला पेटंट नाही, घोडेस्वाराचं नाव नाही. पण पकड ही एकट्याची नसते, हे त्या पेटीला कळलेलं आहे. ओस्लोने २००४ पासून शहरात खिळे वापरणाऱ्यांवर शुल्क बसवलं : हवे असतील तर लावा, पण पैसे भरा. स्टॉकहोमने २०१० पासून हॉर्न्सगाटान या एका कोंदट रस्त्यावर खिळ्यांना मनाई केली. नॉर्डिक देशांनी खिळ्याचं वजन आणि संख्या बांधून दिली. २०१३ च्या मध्यापासून बनलेल्या टायरला घेराच्या दर मीटरला ५० खिळे, त्याहून जास्त हवे असतील तर रस्ता कमी झिजतो हे चाचणीने सिद्ध करा. सरसकट हो नाही, सरसकट नाही नाही.

बंदीने आणखी एक काम केलं. तिने कारखान्यांना चौथा उपाय शोधायला लावला : रबर स्वतःच बदलायचं. जपानमध्ये १९८८ साली ब्रिजस्टोनने 'ब्लिझॅक' आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या होत्या. बर्फावरचा पाण्याचा पातळ थर त्या पोकळ्या टिपून घेतात आणि रबर कोरड्या बर्फाला भिडतं. फॅरडेच्या त्या थरावर केलेला हा इलाज! पुढे १९९०च्या दशकात सिलिका मिसळलेली मिश्रणं आली, जी थंडीतही लवचीक राहतात. ठोकळ्यांवर पातळ चिरा पाडण्याची कल्पना तर जुनीच. अमेरिकेत जॉन साइप याने १९२३ साली तिचं पेटंट घेतलं, तेही बुटांच्या तळव्यांसाठी. त्याच्या आडनावावरून अशा चिरांना आजही 'साइप' म्हणतात. हिवाळी टायरवर अशा शेकडो चिरा असतात, आणि प्रत्येक चीर म्हणजे बर्फाला धरणारी एक बारीक धार. या मऊ रबराची किंमत कोण मोजतं? बहुतेक मालकच. उन्हाळ्यात तो टायर भराभर झिजतो, ब्रेक लावल्यावर उशिरा थांबतो, म्हणून दोन संच बाळगावे लागतात.

आता कायद्याचा एक मजेदार प्रसंग. जर्मनीने २००६ साली नियम केला की टायर हवामानाला साजेसे असावेत. वाक्य ऐकायला ठीक वाटतं. पण साजेसे म्हणजे कसे? एका चालकाला दंड झाला, प्रकरण ओल्डेनबुर्गच्या उच्च प्रांतिक न्यायालयात गेलं, आणि २०१० च्या जुलैमध्ये न्यायालयाने सांगितलं की हा नियम इतका मोघम आहे की त्यावर दंड करणं घटनेत बसत नाही. व्याख्या नसेल तर अपराध कसला? सरकारने डिसेंबर २०१० मध्ये नियम सुधारला : हिम, चिखलट हिम किंवा बर्फ असताना 'एम अधिक एस' खूण असलेलेच टायर हवेत. एम म्हणजे चिखल, एस म्हणजे हिम. पण गंमत अशी की ही खूण मिळवायला कुठलीही चाचणी लागत नव्हती. कारखानदाराने म्हटलं की झालं. अखेर २०१८ पासून बनलेल्या टायरला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण ही खूण जर्मनीत आवश्यक झाली. जुन्या टायरना सप्टेंबर २०२४ पर्यंत मुदत मिळाली. ही डोंगराची खूण अमेरिका आणि कॅनडातल्या रबर उत्पादक संघटनांनी १९९९ साली आणली होती. तिच्यासाठी दाबलेल्या हिमावर ठरवून दिलेल्या टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड चाचणीत दाखवावी लागते. लक्षात घ्या, हिमावर. बर्फावर नव्हे. म्हणून युरोपच्या २०२१ पासूनच्या लेबलवर बर्फाची खूण वेगळी दिलेली असते. सुरुवातीला केलेला भेद इथे कामाला येतो.

कॅनडातल्या क्युबेकने २००८ च्या डिसेंबरपासून हिवाळी टायर सक्तीचे केले, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा. आता ही सक्ती १ डिसेंबर ते १५ मार्च असते. काहींना ती स्वातंत्र्यावरची गदा वाटली. मिलला विचारलं असतं तर तो म्हणाला असता की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाला मोकळं सोडा. पण उन्हाळी टायरवर घसरलेली गाडी एकटी घसरत नाही. ती समोरच्याला धडकते, घाट अडवते, मागची रुग्णवाहिका थांबवते.

तेव्हा आता आपल्या परदेशातल्या मंडळींसाठी चार गोष्टी, या इतिहासातूनच निघालेल्या.

टायर चारही बदला. पुढचे दोनच बदलले तर पुढची चाकं रस्ता धरतात, मागची सुटतात आणि वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. आमच्या गाडीला चारही चाकांना जोर आहे, असं काही जण सांगतात. त्या जोराने गाडी सुटेल, पण थांबणार नाही. थांबायचं काम टायरचंच.

जमत असेल तर रिमसकट दुसरा संच घ्या. दरवर्षी टायर रिमवरून काढण्या-चढवण्याची कटकट राहत नाही. पुष्कळ लोक हिवाळ्यासाठी एक इंच लहान रिम आणि थोडा अरुंद टायर घेतात. २२५/४५ आर १७ ऐवजी २०५/५५ आर १६ घेतला तर चाकाचा बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो. अरुंद टायर हिमात खोल उतरतो, उंच बाजू खड्डा सोसते आणि खर्चही कमी. मात्र लहान रिम ब्रेकवरून बसतो का, बोल्टांच्या भोकांचं वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि रिमची आत-बाहेरची बसण्याची जागा जुळते का, हे गाडीच्या कागदपत्रांवरून बघून घ्या. हवेचा दाब मोजणारे सेन्सर नव्या चाकांतही लागतात, तेही विसरू नका.

चाक बसवताना हबचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करा. मिठाने तिथे गंज चढतो आणि चाक नीट टेकत नाही. बाणाची खूण असेल तर बाण फिरण्याच्या दिशेला हवा. बोल्ट एकाआड एक, चांदणीच्या आकारात आवळा, आणि शेवटी टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याइतकेच. पानेवर उभं राहून आवळणं ही ताकद आहे, काळजी नव्हे. ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. काढलेल्या चाकांवर खडूने जागा लिहून ठेवा. घरात जागा नसेल तर युरोपात टायर ठेवायची हॉटेलं असतात. खरंच, जर्मनीत त्यांना 'राइफनहोटेल' म्हणतात!

नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत बऱ्याच देशांत चालते, पण हिमात ४ मिलिमीटरखाली ती फारशी कामाची राहत नाही. ऑस्ट्रियाने तर हिवाळी टायरसाठी ४ हाच आकडा कायद्यात घातला आहे. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने उतरतो, तेव्हा थंडीत हवा तपासत राहा. आणि कधी बदलायचे? जर्मन लोक म्हणतात, ओ ते ओ, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. आपल्याकडे मृग लागायच्या आधी कौलं शाकारत, तसंच हे. पाऊस आल्यावर छपरावर चढायचं नसतं.

राहता राहिला खिळ्यांचा प्रश्न. तुम्ही उत्तरेत, खेड्यात, महिनोन् महिने बर्फ राहणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत असाल, आणि तिथला कायदा परवानगी देत असेल, तर खिळे लावणं रास्त आहे. तिथे ते बर्फात रुततात. पण तुमचा बहुतेक प्रवास शहरातल्या साफ केलेल्या डांबरावर होत असेल, तर वर्षातल्या पाच-सहा वाईट सकाळींसाठी तुम्ही बाकीचे दिवस शेजाऱ्याच्या श्वासात धूळ घालत राहाल. त्या पाच-सहा सकाळी बस पकडा, किंवा उशिरा निघा, किंवा हळू चालवा. ही किंमत तुम्हाला मोजता येण्यासारखी आहे. धुळीची किंमत मात्र ज्याच्या वाट्याला येते, त्याला नाही म्हणायची सोय नसते.

दुकानदार तुम्हाला दोन आकडे सांगेल, टायरची पकड आणि टायरचा भाव. तिसरा आकडा, म्हणजे ती पकड इतरांना कितीला पडते, हा त्याच्या यादीत नसतो. तो आपणच विचारायचा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, उत्तरेकडच्या मंडळींनी आधी.